‘इको-फ्रेंडली इन्सुलेशन’ची एजन्सी घेण्याआधी एकदा छतावर चढा

उन्हाळा जवळ आला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. “ताई, घर थंड ठेवायच्या मटेरियलची एजन्सी मिळतेय. इको-फ्रेंडली आहे. दीड लाख डिपॉझिट आणि तेवढ्याच रकमेचा पहिला स्टॉक. घेऊ का?” व्हिडिओमध्ये मी दोन शब्दांत उत्तर दिलं होतं, “आत्ता नको.” पण आत्ता नको तर कधी, आणि तोवर काय करायचं, हे तिथे मावलं नाही. म्हणून हा लेख. जरा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

धंदा चांगला आहे, हे आधीच सांगते. सोलापूर, लातूर, नांदेड, अकोला, कुठेही जा, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतोच. नागपूर-चंद्रपूरकडे तर पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोल्या, रो-हाउस, इमारतीतले शेवटच्या मजल्याचे फ्लॅट असं गिऱ्हाईक गल्लोगल्ली आहे. काहींना एसी परवडत नाही, काहींना एसी परवडतो पण त्याचं बिल परवडत नाही. तुमच्या तालुक्यात वॉटरप्रूफिंगवाले दहा सापडतील. ‘गरमी कमी करून देतो’ म्हणणारा एखादाच, आणि तोही बहुतेक वेळा एकाच कंपनीचा एकच रोल सगळ्या छतांना लावत फिरत असतो.

अडचण तिथेच आहे. एजन्सी घेतली की गोडाऊनमध्ये एक माल येऊन बसतो, आणि मग समोरचं छत कसलंही असो, तुम्हाला तोच विकावा लागतो. गावात छतं मात्र तीन-चार प्रकारची असतात. एका छताला जे उत्तम, ते दुसऱ्यावर दोन पावसाळ्यांत कचरा होतं. गिऱ्हाइकाचे तीस-चाळीस हजार गेले, तुमचं नाव गेलं, आणि तो ‘इको-फ्रेंडली’ माल शेवटी गावाबाहेरच्या उकिरड्यावर गेला. यात पर्यावरणाचं काय भलं झालं?

आधी उष्णतेचा हिशेब

आपल्याकडे घर तापतं ते मुख्यतः छतातून. महाराष्ट्रात पहिला शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो, म्हणजे दुपारी सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. भिंतींवर ऊन तिरपं पडतं, छतावर सरळ. अशा निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. ५०० चौरस फुटांचं छत म्हणजे ४६ चौरस मीटर. हजार वॅटच्या ४६ इस्त्र्या छतावर पालथ्या घालून चालू ठेवल्यात असं समजा. म्हणून कुणी भिंतीचं इन्सुलेशन आधी विकायला लागला, तर त्याला ‘छताचं काय?’ एवढंच विचारा. (पश्चिमेच्या उघड्या भिंतीचा प्रश्न खरा आहे, पण तिथे वेल, जाळी किंवा बाहेरून सावली हा स्वस्त इलाज आहे.)

या इस्त्र्यांविरुद्ध दोन उपाय. एक, ऊन परत पाठवायचं, म्हणजे छत पांढरं करायचं. करडं काँक्रीट बरंचसं ऊन पिऊन टाकतं. स्वच्छ, ताजा पांढरा थर त्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो. दोन, जी उष्णता आत यायला निघाली तिला अडवायचं. ते काम इन्सुलेशनचं.

आता कॅटलॉगमध्ये न सांगितलेली गोष्ट. इन्सुलेशन म्हणजे कोंडलेली, न हलणारी हवा. थर्माकोलमध्ये ती बारीक मण्यांत कोंडलेली असते, रॉकवूलमध्ये दगडाच्या तंतूंत, काथ्यात नारळाच्या तंतूंत, आणि गोधडीत चिंध्यांच्या थरांत. हवा तीच. म्हणून थर्माकोल, रॉकवूल, ग्लासवूल, काथ्याचं फेल्ट, कागदाचा लगदा या सगळ्यांचा ‘के व्हॅल्यू’ ०.०३५ ते ०.०५ च्या पट्ट्यातच येतो. पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, थोडा सरस, ०.०२५ च्या आसपास. काँक्रीटचा हाच आकडा दीडच्या घरात आहे. म्हणजे एक इंच काथ्या किंवा थर्माकोल जितकी उष्णता अडवतो, तितकी अडवायला सुमारे तीन फूट जाड काँक्रीट लागेल.

मग माल निवडायचा कशावरून? पाणी, आग, वाळवी-उंदीर, वाहतूक, आणि काढून टाकल्यावर त्याचं काय होतं यावरून. खरा फरक या गोष्टींत आहे, आणि त्या छतागणिक बदलतात.

जाडीचंही एक गणित वहीत लिहून ठेवा. साध्या स्लॅबमधून येणारी उष्णता १०० धरली, तर ढोबळ हिशेबाने एक इंच चांगल्या इन्सुलेशनने ती ३०-३२ वर येते. दोन इंचांनी १८ वर. चार इंच घातलं तर १०. पहिला इंच सगळ्यात जास्त कमावतो, पुढचे पैसे जास्त खातात आणि काम कमी करतात. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यात छताची ‘यू व्हॅल्यू’ १.२ पेक्षा जास्त नको असं म्हटलंय. साध्या स्लॅबवर एक इंच इन्सुलेशन नीट बसलं की आपण त्या रेषेच्या आत येतो. थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये दहा-बारा इंच जाड थर दाखवतात. ते बर्फातल्या हीटरचं बिल वाचवायला. आपल्याकडे साध्या घरात कुणी चार इंचांचं कोटेशन दिलं, तर तो गिऱ्हाइकाची सेवा करतोय की स्वतःची, हे बघा.

पत्रा

पत्र्याला स्वतःचा काही अडथळाच नसतो. बाहेरचं ऊन जवळजवळ तसंच्या तसं खाली येतं, आणि तापलेला पत्रा वरून माणसावर शेकोटीसारखा उष्णता फेकतो. पंखा लावला की गरम हवाच फिरते, म्हणून लोक दुपारी झाडाखाली जाऊन बसतात.

इथे पहिलं काम बाहेरून पांढरा रंग. गंज घासा, प्रायमर मारा, मग उन्हासाठीचा पांढरा कोट द्या. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी कचऱ्याचं काम आहे. सरकारंसुद्धा इकडे वळली आहेत, तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं. तुम्ही म्हणाल, यात माझा नफा किती? थांबा, नफ्याकडे येतेच.

दुसरं काम पत्र्याच्या खालून. पत्रा आणि सीलिंग यांच्यात चार-सहा इंच मोकळी जागा, दोन्ही टोकांना हवा जायला जाळी, आणि सीलिंगवर एक-दीड इंचाचा थर. ही जागा छपराखाली असते, म्हणजे पत्रा गळत नसेल तर कोरडी. म्हणून काथ्याचं फेल्ट, वूडवूल-सिमेंटचे बोर्ड, जुन्या कपड्यांपासून केलेलं फेल्ट असे ‘नैसर्गिक’ प्रकार इथेच शोभतात. पण गळती आधी बंद करा. ओल्या काथ्यात हवेच्या जागी पाणी बसतं आणि पाणी उष्णता झपाट्याने पुढे नेतं. ओलं इन्सुलेशन असलं काय, नसलं काय.

घरात चूल असेल, किंवा खालीच पीठगिरणी-वेल्डिंग असलं काही असेल, तर रॉकवूल बरं. ते जळत नाही. लावताना अंग खाजतं, म्हणून मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, आणि खालून बोर्डने बंद करणं सक्तीचं. उघडं थर्माकोल मात्र स्वयंपाकाच्या खोलीत कधीही लावू नका. ते पेटतं, वितळून टपकतं आणि काळा धूर सोडतं. वायरिंग त्यातून उघडं नेऊ नका, पाईपमधूनच न्या. गिऱ्हाईक विचारेल, “थर्माकोलवर बंदी आहे ना?” राज्याची २०१८ ची बंदी ताट-वाट्या आणि सजावटीच्या मखरांसारख्या वस्तूंवर आहे. इन्सुलेशनचे ब्लॉक त्यात येत नाहीत. पण बंदी नाही म्हणजे ते प्रत्येक खोलीत योग्य आहे, असं नाही.

आता चमकदार फॉइलबद्दल, कारण एजन्सीची सगळ्यात जास्त आमिषं याच मालाची असतात. चांदीसारखा फुग्यांचा रोल, वर ‘९५ टक्के उष्णता परत’ असं छापलेलं. फॉइल खोटं नाही. पण तिचा चमकदार पृष्ठभाग काम करतो तो समोर मोकळी हवा असेल तेव्हा. पत्र्याला चिकटवून टाकली, किंवा दोन थरांत दाबली, तर चकाकीचा उपयोग संपला. वरच्या बाजूला धूळ बसली की परिणाम उतरतो, म्हणून चकाकी खाली, मोकळ्या जागेकडे ठेवतात. शिवाय प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेलं असल्यामुळे भंगारवालाही तो रोल सहसा घेत नाही. त्यावर हिरवं पान छापलेलं असतं, हा भाग वेगळा.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर अजून एक सावधगिरी. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कापू नका, ड्रिल मारू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात जाते. अशा पत्र्याला न छेडता खाली स्वतंत्र फ्रेमवर सीलिंग करा, नाहीतर काम सोडून द्या. मजूर तुमचा आहे.

आणि पत्र्याच्या खोल्यांत एक व्यवहाराचा प्रश्न असतो जो कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतो. पैसे कोण देणार? एमआयडीसीजवळच्या चाळींत गरमी सोसतो भाडेकरू आणि छत असतं मालकाचं. भाडेकरू पक्कं काम करणार नाही, मालकाला गरज वाटत नाही. इथे मालकाकडे जा आणि पांढऱ्या रंगाचं कोटेशन दहा खोल्यांचं एकत्र द्या. ‘पत्रा गंजणार नाही, आयुष्य वाढेल’ हे त्याला पटतं. भाडेकरूला विकायचंच असेल, तर खोली सोडताना काढून नेता येईल अशी स्क्रूवरची हलकी फ्रेम द्या.

स्लॅब

‘नैसर्गिक तेच इको-फ्रेंडली’ हे डोक्यात घेऊन आलेला माणूस सगळ्यात जास्त मार खातो तो स्लॅबवर.

स्लॅबचं इन्सुलेशन वरून करावं की खालून? खालून, म्हणजे फॉल्स सीलिंगवर थर टाकला, तर खोलीला आराम मिळतो, पण स्लॅब स्वतः उन्हात तापतो, फुगतो, रात्री आकसतो, आणि भेगांचं दुखणं चालूच राहतं. वरून केलं तर स्लॅब आणि त्याखालचं घर दोन्ही वाचतात. म्हणून जमेल तिथे वरूनच. पण वर पाऊस आहे. चार महिने जिथे पाणी साचू शकतं तिथे काथ्या, कागद, कापूस, भुसा यांपैकी काहीही पुरायचं नाही. कितीही चांगलं वॉटरप्रूफिंग केलं तरी एखाद्या कोपऱ्यातून पाणी शिरणारच, आणि शिरलं की आत कुजत बसणार. गच्चीत पुरायचंच असेल, तर पाणी न पिणारं एक्सपीएस किंवा दाट थर्माकोल लागतं, त्यावर कोबा आणि नीट उतार. दोन्ही पेट्रोलियमची अपत्यं. तरी माझं मत असं की, पंचवीस वर्षं कोरडं राहून काम करणारं थर्माकोल हे तीन वर्षांत कुजून पुन्हा नवीन आणाव्या लागणाऱ्या काथ्यापेक्षा जास्त पर्यावरणपूरक आहे. काहींना हे पटत नाही. त्यांनी खोदलेली गच्ची आणि त्यातून निघालेला लगदा एकदा बघावा.

पण दोन्ही टाळण्याचा मार्गही आहे, आणि बहुतेक गच्च्यांना मी तोच आधी सुचवते. चायना मोझॅक. पांढऱ्या टाइल्सचे फुटके तुकडे कोब्यात बसवायचे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींवर, गुजरातेत तर सर्रास, हे दिसतं. टाइलच्या दुकानात फुटका माल कायम पडून असतो, तो कचराच. वरचा भाग गुळगुळीत असल्यामुळे एका पावसात धुऊन निघतो, चुन्यासारखा दर वर्षी मारावा लागत नाही. फक्त जुन्या कोब्यावर पुन्हा कोबा चढवू नका. आधीचे थर किती आहेत ते कोपऱ्यात छोटा खड्डा करून बघा, शंका असेल तर इंजिनिअरला विचारा. घराच्या वजनाशी खेळ नको.

पैसे नसलेल्या घरात चुना. फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्ची घासून, धुऊन, बांधून ठेवणारं चिकट द्रव्य मिसळून दोन हात मारायचे. पावसात बराच निघून जातो, पुढच्या वर्षी पुन्हा. मजुराला गॉगल आणि हातमोजे द्या, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. हे काम इतकं स्वस्त आहे की ‘यात काय मिळणार’ म्हणून नवीन पोरं सोडून देतात.

आणखी एक गोष्ट आता वाढतेय. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून बरेच जण गच्चीवर सोलर बसवतायत, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पॅनेल म्हणजे गच्चीवर मोफत सावली. पण पॅनेलचे पाय एकदा रोवले की खाली वॉटरप्रूफिंग आणि पांढरं काम करणं अवघड होतं. गावातल्या सोलरवाल्याशी ओळख काढा. त्याच्या आधी आठ दिवस तुमचं काम झालं पाहिजे. त्यालाही गळतीच्या तक्रारी नको असतात, तो स्वतः तुमचा नंबर देईल.

माळवद

सोलापूर-मराठवाड्यात, खानदेशात अजून मातीची धाबी उभी आहेत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती उष्णता अडवते त्याहून जास्त उशीर लावते. दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर बाहेर गार पडलेलं असतं. म्हणून आजी म्हणते, “आमच्या माळवदात पंखा लागत नव्हता.” खरंच लागत नव्हता.

पण याचं भांडवल करून ‘मातीचं छत, पारंपरिक, इको-फ्रेंडली’ म्हणत कुणाच्या घरावर नव्याने माती चढवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती आणि मातीची जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर-धाराशिवच्या माणसाला हे सांगायची गरज नाही. ओली माती आणखी जड होते. जुनं माळवद असेल तर पाणी मुरणार नाही एवढं बघा, तुळयांना वाळवी लागली का ते बघा, आणि मालकाला ते पाडून पत्रा टाकायची घाई करू नको म्हणून सांगा. त्यात तुमची विक्री काहीच नाही. तरी सांगा, कारण त्याच्या भावाचं घर स्लॅबचं असतं.

‘इको-फ्रेंडली’ म्हणणाऱ्याला काय विचाराल?

तंतू कुठला ते सगळे सांगतात, त्याला बांधणारा गोंद कसला ते विचारा. काथ्याच्या बोर्डात रबराचं लॅटेक्स असू शकतं, लाकडी बोर्डात फॉर्मल्डिहाइडवाली रेझिन असू शकते. वाळवीसाठी काय मारलंय? पफ विकत असेल, तर फोम फुगवायला कोणता वायू वापरला? ओझोनचा थर बिघडवणारा एचसीएफसी-१४१बी भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. चांगला उत्पादक आता काय वापरतो ते लेखी देतो. आगीची चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली, त्याचा कागद मागा. आणि शेवटचं, वीस वर्षांनी हा माल काढला तर तुम्ही परत घेता का? या प्रश्नावर बहुतेक सेल्समन हसतात. हसला तर हसू द्या, वहीत लिहा.

मग येते वाहतूक. इन्सुलेशन म्हणजे कोंडलेली हवा असं वर म्हटलं, म्हणजे तुम्ही टेम्पोत हवा भरून आणता. ५०० चौरस फूट, दोन इंच जाड माल म्हणजे ८३ घनफूट, एक छोटा हत्ती बऱ्यापैकी भरला. वजन काहीच नाही, भाडं पूर्ण. हजार किलोमीटरवरून ‘हिरवा’ माल आणण्यात डिझेल आणि नफा दोन्ही जळतात. म्हणून आपल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये काय मिळतं ते आधी शोधा. कोकणात काथ्या आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे भाताचा तूस आहे. सोलापूर-इचलकरंजीत कापडाची चिंधी आहे. उसाच्या पट्ट्यात लोकांना वाटतं बगॅस फुकट मिळेल. नाही मिळत, कारखाने तो बॉयलरमध्ये जाळून वीज करतात, त्यांच्यासाठी तो इंधन आहे. आणि कच्चा तूस किंवा चिंधी पोत्यात भरून कुणाच्या सीलिंगवर टाकायचा प्रयोग करू नका. आग आणि वाळवी दोन्हींची प्रक्रिया झालेला, चाचणी झालेला तयार माल असेल तरच.

आता नफा

पहिली विक्री मालाची नको, पाहणीची करा. ३००-५०० रुपये पाहणी फी, काम मिळालं तर बिलात वजा. पाहणी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. सोबत मोजपट्टी, टॉर्च आणि इन्फ्रारेड थर्मामीटर, लोक ज्याला ‘टेम्परेचर गन’ म्हणतात तो. हजार-दोन हजारांत मिळतो.

या गनचा एक झोल लक्षात ठेवा. चमकदार पृष्ठभागावर ती चुकीचं, बऱ्याचदा खूप कमी तापमान दाखवते. फॉइलवर गन रोखून ‘बघा, पंधरा डिग्री कमी!’ असा डेमो प्रदर्शनांत चालतो. फॉइलवर किंवा नव्या पत्र्यावर मोजायचं असेल तर आधी साध्या काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा, टेपवर मोजा. आणि कामाच्या आधीचा मंगळवार आणि नंतरचा शुक्रवार यांची तुलना करू नका, हवामान वेगळं असतं. घरातली एक खोली न केलेली असेल, तर त्याच दिवशी, त्याच वेळी दोन्ही खोल्यांच्या छताची खालची बाजू मोजा. तो फरक खरा.

गिऱ्हाइकाला ‘खोली दहा डिग्री थंड होईल’ असं कधीही म्हणू नका. छताच्या खालच्या बाजूचं तापमान भरपूर उतरतं, खोलीतल्या हवेचं मोजकंच. अंगावरची धग जाते, हा खरा आराम. आणि रात्री खिडक्या उघडायला सांगा. चांगलं इन्सुलेशन केलेलं घर दिवसभर माणसांची, फ्रिजची, गॅसची उष्णताही आत धरून ठेवतं. न सांगितलं तर आठवड्यात फोन येतो, “ताई, रात्री जास्तच उकडतंय.”

भाव काढताना नवीन माणूस कुठे अडकतो ते दाखवते. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे घाला. ५०० चौरस फूट पत्र्याखालचं सीलिंग. माल ४५ रुपये फुटाने २२,५००. फ्रेम-स्क्रू १५ रुपयांनी ७,५००. दोन माणसं तीन दिवस, ९०० रुपये रोज, ५,४००. फुटाला ७१ रुपये पडले, ८० चा भाव दिला, नऊ रुपये नफा. खूश. पण तुकडे कापण्यातली घट ८ टक्के, १,८००. टेम्पो १,५००. पावसात एकदा तरी बघायला जावं लागतं, त्यासाठी बाजूला १,५००. तुमच्या स्वतःच्या तीन फेऱ्यांचा रोज ३,०००. सगळं मिळून ४३,२०० झाले आणि तुम्ही घेतले ४०,०००. स्वतःच्या खिशातून ३,२०० घालून दुसऱ्याचं घर थंड केलं.

म्हणूनच मी चुना आणि पांढऱ्या रंगाला हलकं समजत नाही. माल कमी, गुंतवणूक कमी, दोन दिवसांत पैसे हातात, आणि शेजारच्या चार गच्च्यांना दिसणारी जाहिरात. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, मला महाग रोल विकण्यात जास्त सुटतात. तरीही नवीन माणसाला मी पहिल्या हंगामात पांढरं कामच करायला सांगते. त्यातून तीस-चाळीस छतं बघून होतात, आणि गावात पत्रा किती, स्लॅब किती, कोण पैसे देतं हे कळतं. मगच कळतं की एजन्सी कशाची घ्यायची.

तोवर एजन्सीवाल्याला सांगा, १०० चौरस फूट माल रोख घेतो, किरकोळ भावाने दे. देत नसेल तर विषय संपला. दिला तर ओळखीच्या एखाद्या घरी लावा, आणि त्यातलाच एक फूट बाय एक फूट तुकडा मे महिन्यात किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून, वजन मार्करने त्याच्यावरच लिहून, त्याच छताखाली सुटा ठेवून द्या. ऑक्टोबरमध्ये काढून पुन्हा तोला. वास घ्या, कडेला वाळवीची माती दिसते का बघा, उंदराने कुरतडलंय का बघा. वजन जवळपास तेवढंच असेल, तर दिवाळीनंतर डिपॉझिटची बोलणी सुरू करा, आणि तेव्हाही दीड लाखांच्या स्टॉकऐवजी पन्नास हजारांवरून सुरुवात करा.